बोललेलं दिसतं

'शुक्रवारी अकराची वेळ मिळाली. ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.'

फोनच्या पडद्यावर ही अक्षरं उमटली आणि लवू भाटकरांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांची बायको सगुणा ओटीच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती. पुण्याला असलेल्या सानिकाशी, त्यांच्या मुलीशी. भाटकर चार हातांवर झोपाळ्यावर होते. फोन त्यांनी मांडीवर, वर्तमानपत्राच्या आड ठेवला होता.

पुढची ओळ आली. 'घाबरतात गो ते फार. आधी तपासणी होऊ दे, मग बघू.'

ही सोय आठवड्यापूर्वी अपडेटमधून आली होती. त्या दिवशी फोन उघडला तर घड्याळ दुप्पट मोठं झालेलं, चित्रं काचेसारखी गुळगुळीत, आणि फोटो ठेवले होते तिथे नव्हते. भाटकर तासभर करवादले. मग सानिकाचा मेसेज आला. 'बाबा, यात एक नवीन आहे. समोरचा बोलतो ते लिहून दिसतं.' भाटकरांनी उत्तर पाठवलं, 'मला काय गरज?' आणि पाचव्या मिनिटाला ते गुपचूप चालू केलं.

भाटकरांना ऐकू येत होतं. निदान त्यांचं तसं मत होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बोटीवर, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन मिऱ्या गावातल्या घरी आल्यापासून जगच पुटपुटायला लागलंय, असं ते सर्वांना सांगत.

आठवडाभरात फोनने त्यांची पार अब्रू काढली. सगुणा विचारायची, 'भात टाकू का?' आणि ते आजवर रुबाबात काहीतरी भलतंच उत्तर देत आले होते. शेजारचा सदू वर्षभर का बोलत नाही, तेही कळलं. त्याची म्हैस मेल्याचं तो सांगायला आला होता, आणि भाटकरांनी त्याच्या पाठीवर थाप मारून 'वा! पेढे कुठे आहेत?' असं विचारलं होतं. हे सगुणा दुसऱ्या शेजारणीला, यमुनाबाईला, कुंपणावरून सांगत असताना त्यांनी पडद्यावर वाचलं. एकटेच हसले. एवढा मोठा गाढव आपल्याच घरात राहतो आणि आपली त्याच्याशी ओळख नाही, असं त्यांना वाटलं.

आज मात्र हसू आलं नाही.

शुक्रवार. अकरा. तपासणी. सगुणाला काय झालं? की तिने सांगितलंही असेल? जेवताना, समोर बसून, सरळ तोंडाकडे बघून सांगितलं असेल, आणि आपण 'बरं बरं' म्हणून आमटी मागितली असेल?

दोन दिवस ते तिच्या मागे मागे फिरले. विहिरीवरचं पाणी त्यांनी आणलं. बांगडे आणले, आणि स्वतः साफ करायला बसून त्यांची पार दैना केली. ती बारीक झाली आहे का, ते निरखून बघत राहिले. कळेना. अडतीस वर्षांचा संसार. त्यातला बराचसा बोटीवर गेला आणि उरलेला 'बरं बरं' म्हणण्यात. पूर्वी ती कशी दिसायची, हेच त्यांना नीट आठवेना.

शुक्रवारी सगुणा चांगलं लुगडं नेसून बाहेर आली. भाटकर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

"मी येतोय," ते म्हणाले. "तू एकटी जायचं नाहीस."

ती काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"ऐक गो. मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. तू मला काही सांगितलं असशील ना, तर ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही."

नेहमीप्रमाणे ते इतक्या मोठ्याने बोलले की कुंपणापलीकडे सदू चमकून उभा राहिला. सगुणाचे डोळे भरून आले. मग तिने पदराने डोळे टिपले आणि त्यांचा हात धरून त्यांना रिक्षात बसवलं.

रत्नागिरीतल्या त्या दवाखान्यात बाकावर ते तिला चिकटून बसले होते. नर्स बाहेर आली. तिचे ओठ हलले. पडद्यावर अक्षरं आली, 'लवू भाटकर कोण?'

"सगुणा," भाटकरांनी ठासून दुरुस्ती केली. "सगुणा लवू भाटकर."

नर्सने हातातला कागद त्यांच्यापुढे धरला. त्यावर नाव त्यांचंच होतं. त्यांनी मान वर केली. दाराशेजारी भिंतीवर हातभर कानाचं चित्र होतं.

ते बायकोकडे वळले. "आणि तुला काय झालंय?"

पडदा म्हणाला, 'मला? मी कधी म्हटलं मला काही झालंय?'

"अगो, पण परवा ओटीवर तू सानिकाला सांगत होतीस ना..."

सगुणा वाकली. त्यांच्या हातातल्या फोनजवळ तोंड नेऊन, एकेक शब्द सावकाश उच्चारत ती बोलली. अक्षरं उमटत गेली आणि भाटकर वाचत गेले.

'तीन वर्षं तुमच्याशी बोलून दमले. वर्तमानपत्राआड फोन ठेवून तुम्ही माझं बोलणं वाचता, ते मला कळलं होतं, म्हणून परवा तुमच्या फोनशी बोलले. सानिकाला मी फोन लावलाच नव्हता.'