खाणीच्या तोंडचं पाणी

लेलँड व्हिटकॉम छोट्या आगगाड्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये शिरताना टोपी काढत नसे, आणि आत आल्यावर हात खिशात ठेवत नसे. त्या दिवशी त्यानं थेक्ला हुडाकच्या ओल्या ओढ्यात बोट घातलं.

पाण्याऐवजी ओततात ते रेझीन नुकतंच ओतलं होतं, मधासारखं जाड होतं. बोट निघालं, ठसा राहिला. बोटभर आगगाडीच्या पुलाखाली तो ठसा बुडालेल्या नावेसारखा दिसू लागला.

"खोटं वाटतं," बोट टेबलाला पुसत तो म्हणाला. "ओढा कधी नारिंगी असतो का?"

"आपला आहे," थेक्ला म्हणाली. "खिडकीतून बघ."

त्यानं बघितलं नाही.

चार टेबलांवरचं ते सगळं खोरं तिच्या नवऱ्यानं, आंद्रेयनं, उभं केलं होतं. हयातभर व्हिटकॉमच्या खाणीत कोळसा फोडला आणि निवृत्त झाल्यावर तीच खाण लाकडात कोरली. रूळ, कोळशाचे डबे, कामगारांच्या चाळवजा घरांची रांग, त्यांच्यामागे दोरीवर वाळणाऱ्या नखाएवढ्या चादरी. पाणी मात्र कायम थेक्लाचं काम. मरताना तो एवढंच म्हणाला होता, ओढा आहे तसा कर. म्हणून तिनं गंजाचा रंग थेंबाथेंबानं कालवला होता. नवी नवरी असताना त्या ओढ्याच्या पाण्यात तिनं लग्नातल्या चादरी एकदाच धुतल्या होत्या. रंग शोधायला तिला कुठे जावं लागलं नाही.

खाण लेलँडच्या आजोबांची. ती बंद पडली तरी फाटकाची किल्ली त्याच्याकडे होती, आणि हा हॉलही त्याचाच. खाणीच्या रेल्वेला शंभर वर्षं होत होती. पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाली बाई येणार. त्याला ओढा स्वच्छ हवा होता, आणि वाहता हवा होता. पंप लावा, खरं पाणी सोडा. नाहीतर क्लबनं आपल्या गाड्या उचलून दुसरा हॉल बघावा.

खरं पाणी कुणी लावत नाही, हे थेक्लानं त्याला सांगून पाहिलं. "घर लहान करता येतं, पूल लहान करता येतो. थेंब लहान होत नाही. पुलाखाली तो भोपळ्याएवढा दिसतो."

"लोकांना हलणारी गोष्ट आवडते, मिसेस हुडाक. आणि आमच्या खाणीच्या तोंडातून पाणी काचेसारखं निघतं. घाण होते ती पुढे. वस्तीच्या मोऱ्यांनी."

वस्ती म्हणजे तिचीच.

थेक्ला रेझीनचा डबा झाकू लागली. क्लबचा प्रमुख गस पेट्रिस्को तिला शाळेपासून ओळखत होता. तिच्या शिव्यांना तो कधी भ्यायला नव्हता, या गप्प बसण्याला भ्याला. लेलँड गेल्यावर त्यानं गयावया केली. हॉल गेला तर आंद्रेयचं खोरं पावसात पडेल, चार टेबलं ठेवायला कुणाच्या घरात जागा आहे, अगं, एका ओढ्यापायी सगळं घालवू नकोस.

"नाक पूस आधी," थेक्ला म्हणाली. "करते."

आणि तिनं केलं. आपल्या हातांनी ओतलेला ओढा पटाशीनं खरवडून काढला. तळाला पांढरे खडे बसवले, सांधे बुजवले, पंप बेतला. खाणीच्या तोंडापासून खाली तिनं लहान लहान पायऱ्या केल्या, पाणी प्रत्येकीवर आपटून फेसाळावं अशा. खऱ्या ओढ्याला एवढ्या पायऱ्या नाहीत, गस म्हणाला. जिवंत दिसायला हवं ना, ती म्हणाली. आंद्रेय असता तर काय म्हणाला असता, हे त्यानं विचारलं नाही.

तिनं लेलँडकडे मागितली ती एकच गोष्ट. पाणी नळाचं नको, खाणीच्या तोंडचं हवं. लेलँड इतका खूश झाला की फाटक उघडायला स्वतः आला.

थेक्लानं मुरंब्याच्या बरण्या आणल्या होत्या. बोगद्याच्या अगदी आत हात घालून एकेक बरणी पाण्याखालीच भरली, पाण्याखालीच झाकण आवळलं. वर बुडबुडासुद्धा राहू दिला नाही.

"काकड्या भरतेस की काय?" गसनं विचारलं.

"पाहुण्यांपुढे ठेवायचं आहे. वारा लागू द्यायचा नाही."

सोहळ्याच्या सकाळी लेलँडनं एक बरणी खिडकीच्या उजेडात धरली. पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. ती त्यानं त्या बाईच्या हातात दिली, झाकण त्यानंच उघडलं, सगळ्या बरण्याही त्यानंच रित्या केल्या. पंप घुमला. पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत निघालं, खड्यांवरून, पुलाखालून, चादरींच्या दोऱ्यांखालून, आणि पुन्हा वर. टाळ्या झाल्या. लेलँड आजोबांवर बोलला, भरपूर बोलला. मग त्यानं मायक्रोफोनवरून थेक्लाचे आभार मानले. हट्ट सोडायला मोठं मन लागतं, असं म्हणाला. गसनं मान खाली घातली.

पुढे शेजारच्या खोलीत जेवण झालं. थेक्लानं कोबी-शेवया भरपूर केल्या होत्या, वर अक्रोडाची गोड गुंडाळी. उठायची घाई तिनं कुणाला करू दिली नाही. लेलँडला तिनं आग्रहानं दुसऱ्यांदा वाढलं.

कॉफीचे कप घेऊन सगळे हॉलमध्ये परतले तेव्हा पंप तसाच घुमत होता. पुढे असलेली वर्तमानपत्रवाली बाई थांबली. तिच्यामागचे थांबले. पांढऱ्या खड्यांवर गंजाचा थर बसला होता, वारा लागलेल्या पाण्यातलं लोखंड गंजून पायऱ्या माखल्या होत्या, आणि आंद्रेयच्या चादरींखालून दाट नारिंगी पाणी वाहत होतं. गसनं खिडकीबाहेर पाहिलं, मग पुन्हा टेबलाकडे. बाईनं कॅमेरा काढला.

थेक्लानं गर्दीतून लेलँडला वाट करून दिली.

"ये, बोट घालून बघ," ती म्हणाली. "माझा रंग खोटा होता. हा तुझा आहे. आणि टोपी काढ, लेलँड, तुझ्या आजोबांचा ओढा आहे."