आधी आजोबांना दाखव

फोटो उघडले नाहीत. पडद्यावर एक काळी चौकट आली, लुकलुकली आणि निघून गेली.

लग्नाचे अल्बम तयार करून देणारं नवराबायकोचं ते दुकान. अनोळखी पत्त्यावरून काहीही आलं की ते आधी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडायचं. त्याला इंटरनेट नाही, बाकीच्या मशीनशी त्याचा संबंध नाही, बिघडला तरी कुणाचं अडत नाही. दोघं त्याला आजोबा म्हणत. ‘आधी आजोबांना दाखव’ हा नियम नवऱ्यानेच घातलेला, आणि बायको विसरली की तो तिला फैलावर घ्यायचा.

पण आजोबा होते बायकोच्या टेबलाला टेकून. आणि दुकानाच्या मेलवर आलेल्या त्या फाइलचं नाव होतं ‘तिचे फोटो’. फोटोंच्या फाइलच्या नावामागे ‘.exe’ असलं शेपूट नसतं, हे तो गिऱ्हाइकांना दरडावून सांगत आला होता. आज शेपूट दिसूनही त्याने ती स्वतःच्या मशीनवर उघडली, कारण तिथे बायकोला दिसणार नव्हतं.

बायकोला सांगावं तर लागणारच होतं. सगळ्या हंगामाचे अल्बम त्याच मशीनमध्ये होते. चुकून एक फाइल उघडली गेली, एवढंच तो म्हणाला. कुठली, ते तिने विचारलं नाही. कॉम्प्युटरमधलंही कळणाऱ्या त्यांच्या नेहमीच्या फोटोग्राफरला तिने फोन लावला. नवऱ्याला वाटलंच होतं. जगात दुसरा माणूसच उरला नव्हता जणू.

फोटोग्राफर लग्नांचे फोटो घेऊन यायचा आणि निवडायला तिच्या शेजारी तासन्‌तास बसायचा. दोघं हसत असायची. कशाला हसता, असं नवऱ्याने एकदा अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. नवरदेवाच्या चेहऱ्याला, ती म्हणाली. त्याने नंतर तो चेहरा निरखून पाहिला. इतकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फोटोग्राफर आला. त्याने आधी इंटरनेटची वायर काढली, मग नवऱ्याच्याच खुर्चीत बसला, वर ती आपल्या उंचीला जुळवूनही घेतली. वहिनी, जरा पाणी द्याल का, म्हणाला. वहिनी हा शब्द इतक्या मऊ आवाजात म्हणता येतो हे नवऱ्याला माहीत नव्हतं.

कुठली फाइल, असं विचारल्यावर नवऱ्याने नुसतं बोट दाखवलं. फोटोग्राफरने नाव वाचलं. पाणी घेऊन आलेल्या बायकोनेही वाचलं. पेला टेबलावर ठेवून ती तिथेच उभी राहिली.

तपासणी सुरू झाली. एकेका अल्बमचं नाव पडद्यावरून सरकू लागलं. नवरा मागे उभा राहून व्हायरस निघू दे, निघू दे, असं मनातल्या मनात घोकत होता. हंगाम बुडाला तर बुडाला. व्हायरस निघाला म्हणजे ते फोटो नव्हते. पण काहीच निघालं नाही, तर मग आत होतं काय?

“मशीन स्वच्छ आहे, दादा,” फोटोग्राफर म्हणाला. फाइल अर्धवटच उतरली होती, त्यामुळे ती चाललीच नाही. तरी मेलचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलून घ्या, असंही त्याने सांगितलं.

बायकोने सुटकेचा श्वास टाकला. नवऱ्याचं तोंड उतरलं. अर्धीच उतरली, तर राहिलेल्या अर्ध्यात काय होतं?

फोटोग्राफर त्याच्याकडे बघत होता. “अहो, ही सगळ्यांना येते. मलापण आली होती, हेच नाव. मी म्हटलं, मला कुठली आलीय ‘ती’? दिली टाकून.”

बायको हसली. हसण्यासारखंच होतं, हे नवऱ्यालाही कळलं. म्हणूनच ते त्याला जास्त झोंबलं.

“पुसून टाकतो हं ही,” फोटोग्राफर म्हणाला.

“राहू दे.”

आवाज आपलाच आहे हे त्याला बोलून गेल्यावर कळलं. फोटोग्राफरचा हात थांबला. त्याने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि एका लग्नाला जायला उशीर होतोय म्हणत तो उठला. पाणी तसंच राहिलं.

बायकोने ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह आजोबांना लावला. मग आपली खुर्ची ओढून नवऱ्याला दिली. तो बसला.

“उघड,” ती म्हणाली. “आजोबांचं काही बिघडणार नाही.”

पडद्यावरचा बाण ‘तिचे फोटो’वर येऊन थांबला होता. ती शेजारी उभी राहिली, वाट बघत, बराच वेळ. त्याने बटण दाबलं नाही, आणि माउसवरचा हातही काढला नाही.