गुलाबी बोट

बोटाच्या नमुन्याच्या काचपट्टीवर हिरवी चमक उरली नव्हती. डॉक्टर शर्वाणी हसल्या. गर्भात हातपाय घडवणारं प्रथिन जिथे जागं असेल, तिथेच त्यांचं प्रतिपिंड चमकायचं.

"रसूलचाचा, बोट पुरतं वाढलं. आता वाढीची इंजेक्शनं बंद."

मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या चाचांनी तुटल्या जागी उगवलेलं ते गुलाबी बोट सोबत आणलेल्या, तंबोऱ्याच्या तारांखाली बसणाऱ्या घोडीवरून फिरवलं. तार गुंजावी म्हणून घोडी कुठे घासायची, हे त्यांना जुनं बोट सांगायचं.

"हे काहीच बोलत नाही, बाई."

"नवं आहे, चाचा."

"जुन्याला शिकवण्यात जन्म गेला माझा."

शर्वाणींनी पुन्हा काचपट्टीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

चाचांनी पिशवीतून कानस काढली, बोट हलकेच घोडीवर टेकवलं आणि त्याला म्हणाले, "बेटा, ही घोडी."