झाकण

लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या खुणेवर फुली आली, आणि आजीने कपाळाला हात लावला. अकरा वाजत आले होते. तिकडे दूरच्या शहरात नातीचा अख्खा वर्ग आजीची गोष्ट ऐकायला बसणार होता. "माझ्या आज्जीसारख्या थापा कुणालाच जमत नाहीत," असं नात वर्गात छातीठोकपणे सांगून बसली होती. आता आजी दिसलीच नाही, तर पोरं म्हणणार, आजीसुद्धा थापच.

"काल सकाळी तर नीट होतं," सून म्हणाली. तिने लॅपटॉप बंद केला, चालू केला. वाय-फाय बंद केलं, चालू केलं. "आई, आता याला नेटवर्क विसरायला लावते. मग नव्याने ओळख करून देते."

"तुझ्या सासऱ्यांसारखंच की. त्यांनाही रोज सकाळी चहाचा डबा नव्याने दाखवावा लागतो."

सासरे, म्हणजे आजोबा, खुर्चीत बसून ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी पत्र्याचे डबे घडवले. त्यांच्या डब्यातून मिरपुडीचा वास बाहेर येत नसे, आणि मुंगी आत शिरायला निघाली तर वाटेतच म्हातारी होई, असं आजी सांगायची. काम सुटलं, तरी हात काही स्वस्थ बसत नव्हते. कालच, राउटरवर धूळ बसते म्हणून, त्यांनी त्याच्यासाठी डबा केला होता. दुमडलेल्या कडा, बिजागरीचं झाकण, मागे वायरीपुरतं भोक. कपाटावर राउटर आत नवरदेवासारखा बसला होता.

"लॅपटॉपचं वय झालं," आजोबा म्हणाले. "पूर्वीच्या वस्तू अशा नव्हत्या."

"पूर्वीचे तुम्हीच तेवढे उरलात."

सुनेने पासवर्ड पुन्हा घातला. फुली हलेना. मोबाईलवरून जोडावं, तर त्याचा डेटा सकाळीच संपलेला. शेवटी तिने कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "राउटरचे दिवे लागलेत का, तेवढं बघा."

दिवे बघायचे तर झाकण उघडायला हवं. सून स्टुलावर चढली. झाकण उघडलं. आत हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते.

"आलं," आजी खालून म्हणाली.

सासऱ्यांच्या कामाचा मान राखून सुनेने झाकण हलकेच लावलं.

"गेलं."

उघडलं.

"आलं."

लावलं.

"गेलं गं."

दोघींनी सावकाश माना वळवल्या. आजोबांनी डब्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. सुनेला वाटलं, बिचारे आता खजील होणार. पण मिशीखालून निघालेलं हसू पार कानापर्यंत पोचलं.

"म्हणजे डोळ्यांना दिसत नाही तेसुद्धा माझ्या डब्यातून निसटत नाही," ते म्हणाले. "आहे कुणाची टाप?"

"फुशारकी नंतर मारा. डबा घेऊन इथे बसा, आणि झाकण उघडं धरा."

वायर कशीबशी पुरली. आजोबा डबा मांडीवर घेऊन बसले, तान्हं बाळ घ्यावं तसे. पडद्यावर वर्ग उमटला. मधोमध नात, मान ताठ.

आजीने चष्मा सारखा केला.

"एक होता डबे घडवणारा. त्याने एकदा असा डबा केला, की झाकण लावलं की लांबलांबच्या गावांची बोलती बंद. बाजार गप्प, कुत्री गप्प. मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं, ते उघडंच."

"काहीतरीच," पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. "असा डबा नसतोच."

नातीने आजीकडे पाहिलं. आजीने आजोबांकडे पाहिलं.

आजोबांनी झाकण लावलं.

पडद्यावर अख्खा वर्ग जिथल्या तिथे थिजला. पुढच्या बाकावरचं तोंड उघडंच होतं, आणि मधोमध नात, सगळे दात दाखवून हसत.