दाबलेलं पित्त

तेरावा कालच उरकला होता. मासळी विकणारी गोदूबाई आज समाचाराला आली, ती पडवीच्या पायरीवरच बसली. रिकामी पाटी तिने बाजूला ठेवली आणि तळहात छातीवर दाबून धरला.

"काय गो, काय होतंय?" झोपाळ्यावरून आत्माराम नानांनी विचारलं. अर्धी आळी त्यांच्याकडूनच औषध नेत असे.

"सकालपासनं जलजलतंय, नाना. दात पन ठनकतायत. ह्यो हात तर उचलवत नाय."

नानांनी नाडीही बघितली नाही. "पित्त. तू आहेसच पित्ताची. तुझं तोंड सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

"मंग! गोड बोलून बांगडं खपतात काय?" गोदूबाई हसली आणि मध्येच थांबली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"मथुरे, आमसुलाचं पाणी आण," नानांनी सुनेला हाक मारली.

आईच्या दिवसांसाठी सासरहून आलेली त्यांची लेक दमयंती दारात उभी होती. "नाना, हिला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं."

"कशाला? तुझ्या आईला तर याहून जास्त होत होतं."

दमयंतीने चौकट धरली. "आईला असंच होत होतं?"

"दोन दिवस. हीच जळजळ, हाच ठणका."

दापोलीला तिच्या सासरी आलेल्या तारेत आई झोपेत गेली, एवढंच होतं. घरी आल्यावरही सगळ्यांनी तेवढंच सांगितलं होतं.

"झोपेत गेली म्हणालात."

"शेवटी डोळा लागला, त्यातच गेली."

"आणि आई पित्ताची? तिचा आवाज शेजारच्यांनीसुद्धा कधी ऐकला नसेल."

"ते दाबलेलं पित्त. ते जास्त वाईट." लहानपणी दमयंतीला झाडपाल्याची नावं शिकवत, त्याच शांतपणे नाना बोलत होते. "शेवटी भडकलंच. मला सिव्हिलात न्या म्हणून ओरडायला लागली. औषधाचा पेला भिंतीवर फेकला. जन्मात पहिल्यांदा. तेव्हा माझी खात्री पटली. निदान चुकलेलं नव्हतं."

पाणी घेऊन आलेली मथुरा उंबऱ्यातच थांबली होती. दमयंतीने तिच्याकडे पाहिलं. मथुरेने मान खाली घातली.

"नाना," दमयंती म्हणाली, "गप्प राहिली तर पित्त, ओरडली तर पित्त. ती पित्ताची नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं असतं?"

नानांनी झोपाळा पायाने थांबवला. त्यांनी खरोखरच विचार केला.

"पण ती होतीच ना, दमू."

पायरीवर गोदूबाई भिंतीला टेकली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. दमयंती धावत रस्त्यावर गेली.

"रिक्षा! अहो रिक्षावाले! थांबा! थांबा म्हणते ना!"

समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. दमयंतीला इतक्या मोठ्याने बोलताना आळीत कुणीच ऐकलं नव्हतं. दोघी नणंद-भावजयींनी गोदूबाईला उचलून रिक्षात बसवलं.

"पाटी राह्यली माजी," गोदूबाई पुटपुटली.

"राहू दे. बोलू नकोस," तिच्या शेजारी बसत दमयंती म्हणाली.

नाना अनवाणी खाली आले. त्यांचे डोळे भरले होते. रिक्षाच्या दांडीला धरून ते लेकीकडे बघत राहिले.

"आवाज अगदी तिचाच," ते म्हणाले.

मग रिक्षावाल्याच्या खांद्यावर त्यांनी हळूच हात ठेवला.

"सावकाश ने रे. घाई काही नाही. दोघीही पित्ताच्या आहेत."