तांदळाएवढं सोनं

"या मातीत आता दाताला लावायलासुद्धा सोनं उरलेलं नाही," चहाचा मग आपटत क्लेम कुरकुरला.

त्याची बायको व्हर्ना सांडलेला चहा पुसू लागली. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या माळावर दोन हिवाळे हेच चाललं होतं. क्लेम हेडफोन लावून धातू हुडकणारा डिटेक्टर फिरवत जिथून रिकाम्या हाताने पुढे जायचा, तिथेच मागून येणाऱ्या व्हर्नाच्या जुन्या यंत्रात सोन्याची बारीक कुईकुई वाजायची. त्याचे कान गेलेत हे शेजारच्या कॅरॅव्हॅनवाल्यांनाही कळून चुकलं होतं. पण हे त्याला कळलं की हा नाद सुटला, आणि नाद सुटला की हा माणूस खुर्चीला खिळणार. मग सांगणार कोण?

म्हणून रोज उजाडताच ती आपल्याला सापडलेला एखादा तांदळाएवढा कण त्याच्या वाटेत चार बोटं खोल पुरून यायची, वरची माती हाताने सारखी करायची. आणि तो नेमका तिथेच उकरायचा! एवढं तरी ऐकू येतंय म्हणून तिचा जीव भांड्यात पडायचा.

आजही तो ओरडला, "व्हर्ना, घबाड!"

ती धावत गेली आणि बघतच राहिली. "अरे म्हाताऱ्या, तुझं यंत्र तर बंद आहे!"

क्लेमने तांबड्या मातीत उमटलेल्या तिच्या बुटांच्या ठशांकडे बोट दाखवलं.



"रोज सकाळी हे इथवर येतात नि माघारी जातात. यंत्राचं काय घेऊन बसलीस, ती कुईकुई मला ऐकू येत नाही गं. दोन वर्षं झाली."