दाल्ले नावाची हाक
युद्धातून पळताना, बोटीवर चढणाऱ्या गर्दीत ओक्बुनच्या हातून लेक निसटली. बुसानच्या पुलावर हरवलेल्यांना शोधायला सगळेच जमत, तीही तिथे हाका मारू लागली, "दाल्ले!" बर्फ वितळताच उगवणाऱ्या रानपातीचं नाव, पोर त्याच दिवसांत जन्मलेली. कुणी "सुन्जा!" म्हटलं की चार पोरी वळत, "दाल्ले" म्हटल्यावर कुणीच वळेना. शेवटी पोलिसांनी रडणाऱ्या बायांना पुलावरून हाकललं. वसंतात बाजारातून आरोळी आली, "दाल्ले!" ओक्बुन पडतझडत धावली. एक म्हातारी रानपात विकत होती. ओक्बुनने तिचे पायच धरले. "आजी, टोपली द्या, मी पुलावर विकते. विकणाऱ्यांना पोलीस हाकलत नाहीत." दुपारी म्हातारी पुलावर आली, तर ओक्बुन अजून ओरडतच होती. "भाजी कधीच संपली की गं. आता कशाला घसा फोडतेस?" "लेकीचं नाव आहे, आजी."  म्हातारीने रिकामी टोपली काखेला लावली आणि तीही ओरडली, "दाल्ले!"